पाट्याची टाकी आणि मातीची पकड

घराघरांत मिक्सर येण्यापूर्वी वर्षातून एकदोनदा गल्लीत हाळी यायची, ‘पाट्याला टाकीऽ, जात्याला टाकीऽ!’ झिजून गुळगुळीत झालेला पाटा दारात आणून ठेवायचा आणि तो माणूस छिन्नी-हातोडीने ठकठक करत त्यावर बारीक खाचा मारून द्यायचा. कन्नड घरांत बीसोकल्लाची आणि ओरळकल्लाची तीच तऱ्हा. आमच्या पिढीच्या वाचकांना तो आवाज नक्की आठवत असेल. नव्या सुनांना मात्र तो समजावूनच सांगावा लागेल.

टाकी लावायची कशासाठी? पाटा गुळगुळीत झाला की भिजलेली डाळ वरवंट्याखालून नुसती निसटते. खाचा मारल्या की दाणा अडकतो, आणि अडकला की चिरडतो. पण खाच दाण्याहून फारच मोठी केली तर दाणा तिच्यात जाऊन स्वस्थ बसतो आणि वरचे दाणे त्या बसलेल्या दाण्यांवरून फिरत राहतात. मग दगड कितीही खडबडीत असो, काम दाण्यादाण्यांतच चालते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर आजच्या लेखातले अर्धे शास्त्र वाचकांना समजलेच म्हणून समजा.

मी जन्मभर बांधकामाच्या धंद्यात काढली. लोक घर बघायला येतात तेव्हा फरशीची चकाकी बघतात, रंग बघतात. जमिनीखाली गेलेल्या भागाला विचारतो कोण? पण पायाचे खांब, बांधाला धरून ठेवणारी भिंत, जमिनीत ठोकलेले पोलादी पाइल या सगळ्यांचे आयुष्य माती त्यांच्या अंगाला किती धरते यावर असते. हे धरणे मातीच्या जातीवर असते, मातीच्या दाबावर असते आणि बांधकामाच्या कातडीवरही असते. या तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष जाते ते काहीतरी घसरल्यावरच.

मोजमापासाठी एक सोपी युक्ती सांगतो, म्हणजे पुढे अंश आणि कोन यांत अडकायला नको. एक मीटर लांबीची फळी घ्या. तिच्यावर जो पदार्थ तपासायचा तो घट्ट ठोकून बसवा. वर बिनतळाची एखादी लाकडी चौकट ठेवून तिच्यात माती भरा, चौकट फळीला टेकणार नाही इतकी किंचित वर ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. माती घसरू लागली की ते टोक किती सेंटिमीटर वर आले ते मोजा. फळीवर वाळूच चिकटवली असेल, म्हणजे वाळूवर वाळू असेल, तर साधारण ५० ते ५५ सेंटिमीटरपर्यंत ती दम धरते. हा झाला वाळूचा स्वतःचा जोर. फळीवर दुसरे काहीही लावले तरी याच्या फार पुढे जाता येत नाही, कारण मग माती फळीवरून न घसरता आपल्या आपल्यातच फाटते. पाट्याच्या खोल खाचेची गोष्ट ती हीच.

१९६१ साली पोट्योंडी नावाच्या संशोधकाने वाळू, गाळ, चिकणमाती यांना पोलाद, लाकूड आणि काँक्रीट यांवर घासून हे सारे पद्धतशीर मोजले. घट्ट दाबलेल्या कोरड्या वाळूचे त्याचे आकडे मला फार आवडतात. वाळूचा स्वतःचा घर्षणकोन १ धरला तर गुळगुळीत पोलादावर तो ०.५४ भरला. पोलाद गंजलेले असेल तर ०.७६. म्हणजे ज्या गंजाला आपण शिव्या देतो तो वाळूच्या बाबतीत पकड वाढवतो. (म्हणून कोणी सळ्या गंजवत ठेवू नयेत, तो विषय निराळा आहे.) लोखंडी साच्यात ओतलेले काँक्रीटही ०.७६, फळ्यांच्या साच्यात ओतलेले ०.८८ आणि थेट जमिनीवर ओतलेले ०.९८, जवळजवळ मातीइतकेच.

हे वाचून मला आमच्या जुन्या सेंट्रिंगवाल्यांची आठवण झाली. फळ्यांच्या साच्यातून निघालेल्या काँक्रीटवर लाकडाच्या रेषा उमटायच्या. आता पत्र्याचे आणि प्लायचे सेंट्रिंग आले, काँक्रीट आरशासारखे निघते आणि मालक खूश होतो. जे डोळ्यांना दिसणार आहे तिथे ते ठीकच. पण भिंतीची जी बाजू मातीकडे जाणार, तिला आरसा करून मिळवायचे काय? गवंडी गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारतो, कारण गुळगुळीत अंगावर गिलावा धरत नाही हे त्याला ठाऊक आहे. मातीही त्याच न्यायाने वागते, एवढेच.

पुढे १९८०च्या दशकात जपानमध्ये उएसुगी आणि किशिदा या दोघांनी एक नेमकी गोष्ट दाखवली. पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत हे नुसते पृष्ठभागाकडे बघून ठरत नाही. त्याच्या उंचवट्यांची उंची मातीच्या कणाच्या मापाशी ताडून पाहावी लागते. तोच पोलादी पत्रा बारीक वाळूला खरखरीत वाटेल आणि जाड खडीला गुळगुळीत. खडबडीतपणा वाढवत नेला की पकड वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पत्रा कितीही खरवडला तरी फरक पडत नाही, कारण आता वाळूच वाळूत घसरते आहे. टाकीवाल्याला हे कोणी शिकवले नव्हते आणि त्याने कुठे लिहूनही ठेवले नाही. त्याचे शास्त्र त्याच्या मनगटात होते.

पकड नेहमी हवीच असते असे मात्र नाही. बेळगावच्या दक्षिणेला खानापूरकडे गेलात तर तांबडी माती आणि जांभा लागतो, पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी एरीची जमीन. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत घराचा पाया उथळ घातला तर फुगणारी माती खांबाच्या अंगाला धरते आणि त्याला वर उचलू पाहते. इथे वरच्या भागातली पकडच वैरी ठरते. १९५०च्या दशकात रूडकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने यावर जो उपाय पुढे आणला तो आजही चालतो. खांब बारीक ठेवायचा, तो फुगण्या-आकसण्याच्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत न्यायचा आणि तिथे त्याला कांद्यासारखा फुगवटा द्यायचा. फुगवट्याचा व्यास खांबाच्या सुमारे अडीचपट. वर मातीने ओढले तरी खालचा कांदा जागा सोडत नाही.

एकाच वस्तूला एका दिशेने सरकायचे असेल आणि दुसऱ्या दिशेने घट्ट राहायचे असेल तर? नागरपंचमीला ज्याची आपण पूजा करतो त्याच्या पोटाकडे बघा. सापाच्या पोटावरचे आडवे खवले पुढे जाताना सहज सरकतात, मागे ओढले की अडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी तशी नक्षी पाइलच्या अंगावर उठवून वाळूत प्रयोग केले आणि २०१९च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही दिशांतला फरक स्पष्ट मिळाला. आत ढकलताना कमी कष्ट आणि उपसताना जास्त विरोध असा पाइल त्यातून करता येईल, हा त्यांचा विचार. आपल्याकडच्या कामांवर तो यायला वेळ लागेल, पण कल्पना झकास आहे.

आता लेख ज्याच्यासाठी लिहायला घेतला त्या विषयाकडे येतो. मातीच्या शेजारी माणसाने आणून ठेवलेला सगळ्यात गुळगुळीत पदार्थ कोणता म्हणाल, तर प्लास्टिकचा कागद. आणि हा कागद आता आपल्या भागात शिवारोशिवार पोहोचला आहे. कर्नाटकात २०१४च्या सुमारास ‘कृषी भाग्य’ योजनेतून कृषी होंड झाले, महाराष्ट्रात २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आले. जिथे पाणी मुरते तिथे तळ्याला आतून प्लास्टिक अंथरतात. पाणी टिकते, डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला जगतो. योजनेला मी नावे ठेवत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा आधार झाला आहे.

आमचे व्याही बैलहोंगलकडचे. मी त्यांना ‘व्याहीबोवा’ म्हणतो, ते मला ‘बीगर’. त्यांनी शेततळे खणून घेतले, तीन मीटर खोल, बाजूंचा उतार दीडास एक, म्हणजे दीड मीटर आडवे गेले की एक मीटर खाली. आतून काळा कागद अंथरला. काम करणाऱ्याने त्यांना सांगितले की कागद उन्हाने फुटतो, जनावरांच्या खुरांनी फाटतो, तेव्हा वर वीतभर मातीचा थर देऊ. दिला. दिसायला सुरेख दिसला. मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला एका बाजूचा सगळा थर एका रात्रीत खाली येऊन तळात बसला आणि येताना कागदही दोन ठिकाणी फाडला. सकाळी त्यांचा फोन, ‘बीगर, प्लास्टिक म्याल मण्णु निल्लंगिल्लरी!’ प्लास्टिकवर माती थांबतच नाही हो.

थांबणार कशी? फळीच्या भाषेत बोलायचे तर दीडास एक हा उतार म्हणजे मीटरभराची फळी ५५ सेंटिमीटर उचलल्यासारखा. वाळूवर वाळूसुद्धा जिथे कशीबशी टिकते, असा. गुळगुळीत प्लास्टिकवर वाळू साधारण ३० सेंटिमीटरलाच घसरू लागते. म्हणजे तिनास एक इतका पसरट उतार दिला तरी ती काठावरच. दीडास एकवर तिने थांबावे ही अपेक्षाच चुकीची.

मग पहिल्या पावसापर्यंत ती थांबली कशी, असे व्याहीबोवांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. ओलसर चिकणमाती प्लास्टिकला चिकटते. हे चिकटणे आणि घर्षण या दोन वेगळ्या गोष्टी. पाणी वाढले की चिकटणे सुटते. शिवाय पावसाचे पाणी मातीतून झिरपत कागदापर्यंत येते, पण कागदातून पुढे जाऊ शकत नाही. ते कागदावरूनच खाली वाहते आणि वरच्या थराला थोडे उचलून धरते. अशा भरलेल्या पाण्याने थराचा दम जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून घरी फळीचा प्रयोग करणार असाल तर माती कोरडी घेऊन करा, मग पाण्याने पूर्ण भिजवून करा. नुसती ओलसर माती घेऊन केलात तर ती तुम्हाला फसवील.

काम करणाऱ्याचे उत्तर होते, ‘थर पातळ झाला, जाड दिला असता तर वजनाने बसला असता.’ हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. थर दुप्पट जाड केला की तो कागदावर दुप्पट दाब देतो आणि पकडही दुप्पट होते, हे खरे. पण त्याला खाली ओढणारे वजनही दुप्पटच होते. हिशेब जिथल्या तिथे. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते हा नियम घेऊन कुलाँ या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने मातीच्या दाबाचे गणित मांडले. मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे काम करून परतल्यावर त्याने १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध ठेवला. अडीचशे वर्षे झाली, आणि अजून आपण म्हणतो की वजनाने बसेल. जाड थराने एकच होते. घसरेल तेव्हा जास्त माती घसरेल.

जाड थराचे काय होते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे घातक कचरा साठवण्याची एक प्रचंड दरी तयार केली होती. विष जमिनीत उतरू नये म्हणून तळाला आणि बाजूंना चिकणमाती, गुळगुळीत प्लास्टिकचे पडदे आणि कापडासारखे थर असे एकावर एक अंथरले होते. पाणी अडवण्याच्या दृष्टीने काम चोख. त्यावर कचऱ्याची रास चढत चढत सुमारे २७ मीटर झाली. १९ मार्च १९८८ रोजी काही तासांच्या अवधीत ही सगळी रास सरकली. सुमारे १५ एकरांवरचा ढीग काही ठिकाणी दहा मीटरहून अधिक पुढे गेला आणि चार मीटरहून अधिक खचला. पडदे फाटले.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मिचेल आणि सीड या मंडळींनी यावर जे संशोधन केले ते १९९०मध्ये प्रसिद्ध झाले. घसरण कचऱ्याच्या पोटात झाली नव्हती, थरांच्या मधल्या सांध्यांवर झाली होती. प्रयोगशाळेत तपासता काही जोड्यांचा घर्षणकोन ८ अंशांपर्यंत खाली आलेला आढळला. आपल्या फळीवर म्हणजे १४ सेंटिमीटर! एवढ्या उतारावर पोर सायकल पायडल न मारता सोडते. प्रत्येक थर आपल्या जागी उत्तम होता. दोन थर एकमेकांना किती धरतील, हे मात्र पुरेसे तपासले गेले नव्हते. या दुर्घटनेनंतर कचराभूमीच्या कामात सांध्यांची पकड मोजणे हे नेहमीचे झाले आणि खडबडीत अंगाच्या प्लास्टिकचा वापर वाढला. ते करायची एक रीत मजेची आहे. प्लास्टिक वितळून बाहेर येताना त्याच्या बाहेरच्या थरात नायट्रोजन वायू सोडतात, तो बाहेर पडताना फुटतो आणि अंग खरखरीत होते. उंचवटे फार तर पाव ते अर्ध्या मिलिमीटरचे. पण तेवढ्याने वाळूची पकड आपल्या फळीवर ३० सेंटिमीटरवरून ५०च्या आसपास जाते. प्लास्टिकला टाकीच ती.

मग शेततळ्याला खडबडीत कागद घालावा का? व्याहीबोवांनी हेही विचारले. माझे मत असे की नको. तो महाग पडतो, आणि दीडास एक उतारावर तोही पावसात माती धरील याची खात्री नाही. माती घालूच नये. कागद चांगल्या जाडीचा, ५०० मायक्रॉनचा घ्यावा. काठापासून थोडे मागे सरून दीड-दोन फूट खोल चर खणावा, कागदाचे टोक त्यात उतरवून वरून माती दाबून भरावी. तिथे माती सपाट जागी बसते आणि कागदाला दाबून धरते. उतारावर तिला आपण आपले वजन पेलायला लावत होतो. जनावरांसाठी कुंपण घालावे.

पण कुंपणाचे कारण जनावरे एवढेच नाही. व्याहीबोवांशी बोलताना माझ्या मनात पूर्ण वेळ आमचा दोघांचा नातू होता. तो मे महिन्यात तिकडेच असतो. शेततळ्यात बुडून मुले गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात मराठी पेपरात येतात, कन्नड पेपरात येतात. पोहता येणारेही जातात, आणि एकाला काढायला दुसरा उतरतो तोही जातो. लोक म्हणतात पाणी खोल होते. विहीरही खोल असते, पण विहिरीला दगडाची कपार असते, पायऱ्या असतात, झाडाची मुळी असते. शेततळ्याला हाताला लागेल असे काहीच नाही. दीडास एक उतारावर चढून यायला जी पकड लागते ती कोरड्या वाळूला जेमतेम साधते. शेवाळ धरलेल्या प्लास्टिकवर ओले पाऊल तिच्या जवळपासही जात नाही. मूल काठाशी येते, गुडघे टेकते, आणि जारुबंडीवरून यावे तसे परत पाण्यात जाते. तीन-चार वेळा असे झाले की दम संपतो.

तेव्हा ज्यांच्या शेतात कागदाचे तळे आहे त्यांनी या उन्हाळ्यापूर्वी एवढे करून घ्यावे. चारही बाजूंना, निदान समोरासमोरच्या दोन बाजूंना, काठापासून मीटरभर मागे लोखंडी खुंटी काँक्रीटमध्ये पक्की गाडावी. तिला जाड दोर बांधून कागदावरून खाली सोडावा. दोराला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात, किंवा जुने टायर एकाखाली एक बांधून शिडी करावी. टायरची तार उघडी पडून कागद फाटत नाही ना ते पाहावे. दोर पाण्याच्या आजच्या पातळीपर्यंत सोडून भागणार नाही, एप्रिल-मेमध्ये पाणी खूप खाली गेलेले असते आणि मुले तेव्हाच येतात. तीन मीटर खोल तळ्याची तिरकी बाजू जवळजवळ साडेपाच मीटर भरते. खुंटीपर्यंतचे अंतर, गाठी आणि तळाशी थोडा पडून राहील एवढा भाग धरून दर बाजूला नऊ मीटर दोर घ्यावा.